क्रेनवाल्याचं पोट

एकोणीस वर्षं तो टॉवर क्रेन चालवत होता आणि एवढ्या वर्षांत कामावर असताना लघवीसाठी एकदाही खाली उतरला नव्हता. हे तो स्वतःच छाती फुगवून सांगायचा. दोनशे दहा पायऱ्यांची शिडी उतरून पुन्हा चढायची म्हणजे अर्धा तास मोडतो, खाली सगळं काम ठप्प. म्हणून सकाळी अर्धा कप चहा, की संध्याकाळपर्यंत घशाला थेंब नाही. मुकादम नव्या माणसांना त्याचं उदाहरण द्यायचा, आणि गड्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मंगळवारी पोट बिघडलं, म्हणून घरीच राहिला. दुपारपर्यंत सात वेळा जाऊन आला. बायकोने लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं, ढवळलं, चाखून बघितलं. "दर खेपेनंतर पेलाभर. गटागटा नाही, घोट घोट," ती म्हणाली. जेवायला मऊ भात आणि केळं. त्याने मुकाट ऐकलं आणि संध्याकाळी जरा तरतरी आली. एवढ्यावर दोन दिवस घरी पडून राहिला असता तर काही बिघडलं नसतं. पण स्लॅबचं काम अडेल म्हणून स्वारी बुधवारी कामावर हजर.

बायकोने थर्मास भरून दिला होता. फाटकाजवळच्या गटारात त्याने तो ओतला आणि वर चढला. दिवसभर पोट गप्प. झालं, त्याने आपलं शास्त्र काढलं: पाणी बंद, की जुलाब बंद. घरी मात्र पुन्हा चार खेपा झाल्या.

"प्यायलात ना सगळं?" बायकोने विचारलं.

"थेंब ठेवला नाही," तो म्हणाला. खोटं काहीच नव्हतं त्यात, म्हणून तर जास्त राग येतो.

गुरुवारी थर्मास वर नेला, पण उघडला नाही. दुपारी जीभ टाळूला चिकटली. पोटऱ्यांत गोळे आले. दोन टन सळ्यांचा भारा हुकाला लटकलेला, खाली लोखंड बांधणारे अकराजण, आणि त्याला हुक दोन दिसायला लागले. त्याने त्यातला एक खरा धरला, भारा उतरवला आणि वॉकीटॉकीवर, खालून खुणा करून भारा उचलायला-ठेवायला सांगणाऱ्या सिग्नलमनला म्हणाला, "मला खाली घे रे. माझ्याच्याने होत नाही."

दोघांनी वर जाऊन त्याला सुरक्षेच्या पट्ट्याला बांधलं आणि पायरी पायरीने उतरवलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं आणि विचारलं, "लघवीला शेवटचं कधी गेलात?"

"काल सकाळी." आवाजात अजून थोडी ऐट होती.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आठ तास लघवी झाली नाही, उठताना चक्कर आली, तर घरचा उपाय पुरत नाही. सरळ इकडे यायचं. शौचात रक्त दिसलं, ताप चढला, दोन दिवसांत थांबलं नाही, तरीसुद्धा. पाणी तोडल्याने जुलाब बरे होत नाहीत हो, किडन्या जातात."

धावत आलेल्या बायकोने त्याच्या पिशवीतला थर्मास उघडला. काठोकाठ भरलेला. तिने झाकण घट्ट लावलं आणि थर्मास त्याच्या उशाशी ठेवला.

सिग्नलमन खाटेच्या पायथ्याशी उभा होता. बारा वर्षं याच्या हाताखाली, म्हणजे खरोखरच खाली, उभा राहिलेला माणूस. त्याला बघून क्रेनवाल्याला राहवलं नाही. "भारा ठेवताना मला दोन हुक दिसत होते," तो म्हणाला. "तूसुद्धा दोन दिसत होतास."

"मग अशा तब्येतीत वर चढलास कशाला?"

क्रेनवाल्याचे डोळे भरून यायला हवे होते, पण अंगात तेवढंही पाणी नव्हतं.

आठवड्याने तो कामावर परतला. आता दिवसातून दोनदा उतरतो. मुकादम घड्याळ बघत चरफडतो. लोखंड बांधणारे अकराजण हातातलं काम ठेवून बाजूला बसतात आणि तो पुन्हा वर पोचेपर्यंत निवांत वाट बघतात. सिग्नलमनने त्यांना सगळं सांगितलंय.