घरातला जगज्जेता

नवरा आजारी पडणं तिने एकवेळ सोसलं होतं. पण आजारी नवरा बॉक्सिंगचा जगज्जेता झाला आणि तिच्या नाकीनऊ आले.

ती शाळेच्या ऑफिसात कारकून, तो न्हावी. तीस वर्षं दुकानात उभ्याने कात्री चालवलेला माणूस. अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, उजवा हात मात्र लोंबकळत राहिला. "पहिल्या सहा महिन्यांत जेवढं परत मिळवाल तेवढं तुमचं," डॉक्टरांनी बजावलं होतं. हात खांद्याच्या वर गेला तर दुकान, नाही तर जन्मभर घर. आता चार महिने संपले होते, आणि व्यायामाचं नाव काढलं की स्वारीचं डोकं दुखायला लागायचं.

शेवटी फिजिओथेरपीच्या बाईंनीच टीव्हीला जोडायचा गेम सुचवला. दोन्ही मुठींत एकेक रिमोट धरायचा, हवेत ठोसा हाणला की पडद्यावरचा बॉक्सर हाणतो. आणि गडी असा पेटला म्हणता! ती कामावरून आली की चपला काढायच्या आत पाढा सुरू.

"अगं, आज त्या दाढीवाल्याला दुसऱ्या राउंडमध्येच झोपवला."

महिन्याभरात जगज्जेत्याचा सोन्याचा पट्टाही आला. त्याने तो पडद्यावर शेजाऱ्यांना दाखवला, दुकान सांभाळणाऱ्या कारागिराला बोलावून दाखवला. तिने सगळं कौतुकाने ऐकून घेतलं, कारण आज ना उद्या हात उठेल ही आशा.

मग तपासणी झाली. बाईंनी कोन मोजला. हात होता तिथेच, तसूभरही वर नाही.

"रोज खेळतात ना?"

"खेळतात? अहो, जगज्जेते झालेत," ती म्हणाली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारीच घरी आली. बघते तर काय, महाराज खुर्चीत पाय ताणून बसलेले. दोन्ही रिमोट रबरबँडने एकत्र बांधून डाव्या हातात, आणि माशी हाकलावी तसं नुसतं मनगट हलतंय. उजवा हात मांडीवर गप्प. पडद्यावर एक धिप्पाड माणूस कोसळत होता.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने टीव्हीच बंद केला.

"कुणाला फसवताय? त्या डब्याला? मला? महिना गेला हो आपला."

त्याने बांधलेले रिमोट मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी खरंच खेळलो होतो. उजवा उठेना. दोन्ही डाव्यात धरले तर जिंकलो. जिंकत होतो तोवर वाटायचं, हात बरा होतोय. खरं खेळलो आणि नाहीच उठला, तर मी काय करू?"

तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. इतका घाबरट माणूस आपल्याच वाट्याला यावा ना! तिने रबरबँड ओढून काढला, त्याला दंडाला धरून उभं केलं आणि स्वतः त्याच्याकडे पाठ करून खुर्चीत बसली. अंबाडा सोडला.

"गिऱ्हाईक बसलंय. हात लावा."

"अगं, नाही जात तो वर."

"लावा म्हणते ना."

मागे त्याचा श्वास जोरात चालला होता. डावा हात तिच्या खांद्यावर आला.

"तो नको. दुसरा."

मग पाठीवर काहीतरी टेकलं. कपड्याला धरत धरत वर सरकलं, आणि मानेवर तिला त्याची गार बोटं लागली. तिथेच थांबली.

तिचे डोळे भरून आले होते, पण ती काही वळली नाही.

"कान अजून चार बोटं वर आहे," ती म्हणाली. "उचला परत."