पुसदपर्यंत साबूत

माझ्या गाडीच्या सस्पेन्शनची परीक्षा माझ्या आईनं कुरडयांवर घेतली. आज हे सांगितलं की लोक हसतात. मला तेव्हा अजिबात हसू आलं नव्हतं, कारण आई त्या परीक्षेत मला नापास करत होती.

गाडी म्हणजे दोन सीटची, लाल, छप्पर नसलेली स्पोर्ट्स कार. कापसाची ती वाईट वर्षं. पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगवाल्यानं मुलाच्या हौसेखातर घेतलेली, आणि जिनिंगला कुलूप लागल्यावर गोदामात धूळ खात पडलेली. मी दातांची डॉक्टर. दवाखाना यवतमाळात, शिवाय आठवड्यातून एकदा मारेगाव, एकदा राजूर. अशाच एका फेरीत ती मला दिसली आणि मी घेऊन टाकली. ‘जिल्हा कुठं चालला आणि डॉक्टरीणबाई कुठं चालली,’ असं शेजारचे वकीलसाहेब मला नीट ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले. मला लाजही वाटत होती आणि गाडीही सोडवत नव्हती.

आई मात्र जगाची पर्वा न करता तिच्या स्वतःच्या कारणासाठी गाडीवर रुसली होती. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर एकदाच भाड्याच्या जीपनं तिला पुसदला नेलं, तिच्या धाकट्या बहिणीकडे. परत आल्यावर ती पावसाळाभर अंथरुणाला खिळली. तेव्हापासून तिचा प्रवास संपला. पुसदची मावशीही घर सोडू शकत नव्हती, मावसोबांना अर्धांगवायू झालेला. दोन सख्ख्या बहिणी, एकाच जिल्ह्यात, आणि भेट फक्त रविवारच्या फोनवर. आई दर उन्हाळ्यात कुरडया करायची आणि एसटीनं मावशीकडे डबा पाठवायची. डब्यात पुसदला पोचायचा तो चुरा.

‘‘माझ्या गाडीत चल,’’ मी म्हटलं.

‘‘त्या पाटावर बसून?’’ आई म्हणाली. ‘‘आधी कुरडया ने. त्या साबूत पोचल्या तं पाहीन.’’

मी हसत हसत डबा शेजारच्या सीटवर बांधला आणि निघाले. आमच्याकडच्या रस्त्यांची तेव्हा एक तऱ्हा होती. मोठे पाहुणे जिल्ह्याचं दुःख बघायला यायचे, तेव्हा त्यांच्या ताफ्याच्या वाटेवर रातोरात डांबर पडायचं. ताफा जिथं वळायचा तिथं डांबरही संपायचं. पुसदकडे बहुधा कुणी वळलं नसावं. गाडीचे जुने शॉकअप मेलेले होते. एका खड्ड्यातून निघालेली गाडी पुढच्या खड्ड्यापर्यंत डुलत राहायची. मावशीनं डबा उघडला आणि लगेच फोन लावला. मी समोर हात जोडत होते, पण ती म्हणाली, ‘‘बाई, मी खोटं बोलत नाई. अर्ध्या मोडल्या.’’

मग मी हट्टाला पेटले. नागपुरात एक दुकान होतं, गाड्या सजवून द्यायचं. तिथल्या पोरसवदा मालकानं मला बुटक्या, कडक स्प्रिंगा दाखवल्या, त्या चढवलेल्या गाड्यांचे फोटोही. गाडी खाली बसते, वळणावर हलत नाही, दिसते तर अशी की बघत राहावं. मी वाहवले. आमचा यवतमाळचा मिस्त्रीही खूश. ‘‘कडक म्हणजे स्पोर्ट्स, मॅडम,’’ असं म्हणत त्यानं त्या चढवल्या. गाडी खरंच देखणी दिसायला लागली. वळणावर अशी चिकटायची की मी विनाकारण दारव्हा रोडला चकरा मारायला लागले.

जानेवारीत डबा घेऊन निघाले, तेव्हा दिग्रसच्या अलीकडे रस्त्यावर तूर पसरलेली होती. आमच्याकडे हे नेहमीचंच. वाळलेली तूर डांबरावर पसरायची, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी मळणी होते. ट्रक जातो, एसटी जाते. मीही शिरले. पण ट्रकच्या पोटाखालून हत्तीचं पिल्लू जाईल आणि माझ्या गाडीच्या पोटाखालून मांजरही नाही. गाडी थांबली, तोवर अर्धं खळं तिच्याखाली गोळा झालं होतं. मागं डांबर असं साफ की जणू कुणी झाडून काढलं.

शेतातल्या बाया-माणसं धावत आली. एक म्हातारबा वाकून गाडीखाली बघत बघत म्हणाले, ‘‘बाई, हे गाडी हाय का वखर?’’

सगळे खो खो हसले. मीही हसले, मग मलाच खाली बसून वाळक्या काड्या-फणकटं ओढावी लागली, ओढणीत तुरीच्या शेंगा घेऊन. तूर परत पसरून दिली, चहा झाला, आणि पुढचा सगळा रस्ता त्या कडक स्प्रिंगांनी मला आणि डब्याला धोपटून काढलं. मावशीनं फोनवर सांगितलं, ‘‘ह्याचा आता उपमाच होईन.’’ घरी परतले तर आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. ती देवघरात जाऊन बसली. तेव्हा मला समजलं की ती चिडली नव्हती, निराश झाली होती. म्हणजे तिला जायचं होतं.

त्यानंतर मी गाडीचा विचार खरोखर करायला लागले. मी रोज कवळ्या बसवते. कवळी कडक असते, आणि तरी हिरडीवर नीट बसली तर माणूस ऊस खातो. टोचते ती कडक असल्यामुळे नाही, तर बसत नसल्यामुळे. मी कुणासाठी गाडी बसवत होते? नागपूरच्या दुकानाच्या फोटोंसाठी. माझा रस्ता हा होता, आणि माझी सवारी म्हणजे आई.

बुटक्या स्प्रिंगा काढल्या. मूळ उंचीच्या नव्या घेतल्या, थोड्याच कडक. खरा जीव लावला तो शॉकअपवर. पुण्याहून असे मागवले की ज्यांची नरमाई-कडकाई वेगवेगळी लावता येते: खड्डा आला की चाक चटकन वर जावं, पण खाली येताना सावकाश यावं, म्हणजे गाडी उसळत नाही. सांध्यांमधले सगळे रबरी बुश बदलले. टायर जरा जाड बाजूचे घातले. मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला, ‘‘मग स्पोर्ट्स कार कायची राह्यली, मॅडम?’’

‘‘चल, बस,’’ मी म्हटलं, आणि त्याला त्याच दारव्हा रोडच्या वळणांवर नेलं. गाडी थोडी झुकली, मग रुतून बसली, आणि वळण संपेपर्यंत जागची हलली नाही. पुढच्या उखडलेल्या पट्ट्यात एक भलीमोठी जीप मुंगीच्या पावलांनी चालली होती. आम्ही तिच्या शेजारून सरळ निघून गेलो. परत येईपर्यंत मिस्त्री बाहेर वाकून चाकांकडेच बघत होता. मी शिट्टी वाजवत गाडी फाटकात आणली. इतका आनंद मला डिग्रीच्या निकालालाही झाला नव्हता.

पुन्हा डबा गेला. मावशीनं आईला फोन लावला तेव्हा मी पुसदला तिच्याच शेजारी उभी होते. ‘‘साबूत हाय,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्या. एकीचाही तुकडा नाई.’’ पलीकडून आईनं फोन ठेवून दिला.

घरी आले तर ती ओसरीत बसलेली.

‘‘आता?’’ मी विचारलं.

‘‘कुरडई मोडली तं चुरा तरी तळता येते,’’ आई म्हणाली. ‘‘मी मोडली तं?’’

इतके महिने मी तिला हट्टी समजत होते, आणि ती भ्यायली होती. मी तिच्या शेजारी बसले. ‘‘दुखलं की सांग,’’ म्हटलं. ‘‘जिथं सांगशील तिथून परत.’’ तिनं मान डोलावली.

गुढीपाडव्यानंतर आम्ही निघालो. छप्पर नव्हतं हे आमचं भाग्यच. तिला वाकून शिरावं लागलं नाही, उभ्यानंच आत आली, माझे खांदे धरून हळूहळू खाली बसली, पाय लांब पसरले. डोक्याला रुमाल, हातात पदराचं टोक घट्ट पिळलेलं. तुरीचा हंगाम संपला होता, पण दिग्रसच्या पुढचा मोडका पट्टा होताच. मी गाडी आत घातली. खड्डा गेला, दुसरा गेला, गावकऱ्यांनी स्वतःच घातलेला एक उभा गतिरोधक गेला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते.

‘‘झाला का तो खराब रस्ता?’’ तिनं विचारलं.

‘‘झाला.’’

‘‘मग तू इतकी हळू काहून चालवून राह्यली?’’

मी गियर बदलला. पुसदच्या अलीकडच्या वळणांवर गाडी गाणं म्हणावं तशी गेली, आणि आई, माझी मणक्याची पेशंट आई, प्रत्येक वळणाला माझ्याबरोबर झुकत होती आणि हसत होती. रुमाल उडून गेला तरी तिनं थांबू दिलं नाही.

मावशीला आम्ही काही कळवलं नव्हतं. ती हॉर्न ऐकून फाटकात आली, हात पुसत. आई सीटवर हात टेकून गाडीतल्या गाडीतच उभी राहिली, सरळ, कुणाचा आधार न घेता. मावशी आधी तिच्यावर जोरात ओरडली, सांगून यायला काय झालं होतं म्हणून, आणि मग गाडीच्या दाराला धरून रडायला लागली. आई रडली नाही. तिनं वरूनच बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून माझ्याकडे वळली.

‘‘घरी जातानी गाडी उमरखेडवरून घेजो,’’ ती म्हणाली. ‘‘लांब पडते, पडू दे.’’