गुलमोहराचे कान

कॉलेजच्या गेटवरच्या गुलमोहराला बुडाशी तपकिरी बुरशी आलीय, अगदी कानासारखी. शेवंतामावशीची चहाची टपरी त्याच झाडाखाली आहे. बॉटनीच्या सरांनी सांगितलं म्हणून मी एक तुकडा कापायला गेलो, तर मावशी म्हणाली, "काप, पण आधी कानात सांग त्याला."

लॅबमध्ये मी ब्लेडनं पातळ काप काढून काचेवर ठेवला. "गाढवांनो, बीजाणूची भिंत एक की दोन, ते बघा," मी सरांच्या आवाजात म्हणालो. पोरं हसली. मग मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. बीजाणू सोनेरी होते, टोक छाटलेल्या अंड्यासारखे, आणि प्रत्येकाला दोन भिंती. इतकं देखणं काही मी त्या लॅबमध्ये कधी पाहिलं नव्हतं.

सरांनी पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ही आतलं लाकूड खाते रे. मुळं गेली असणार. वाऱ्यानं कधीही पडेल."

वरून झाड हिरवंगार आहे. आमचे काकाही शेवटपर्यंत असेच दिसायचे. लोक म्हणायचे, तब्येत झकास आहे.

मी मावशीला सांगितलं, "झाड आतून पोकळ आहे. टपरी हलव."

"कुठं हलवू? गटारात?" तिनं वर बघितलं. "पानं तर चांगली आहेत की."

मग तिनं गिऱ्हाइकांचं बाकडं ओढत रस्त्यापलीकडं उन्हात नेऊन ठेवलं, आणि परत येऊन झाडाखाली स्टोव्हला पिन मारत बसली.