काकवी गूळ व्हायच्या आधीची असते

एकाहत्तर साल. माझं वय एकोणीस. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धीच. चोपड्याखालच्या आमच्या खेड्यातून अमळनेरला एस.टी.नं आणि तिथून रेल्वेनं सुरत. फाट्यावर बापानं फडक्यानं तोंड बांधलेली पितळी लोटी हातात दिली. आत काकवी. बाप म्हणाला, "जाय भाऊ. पन एकलाच खाऊ नको. रूममा जे राहतीन, त्यासले बी दे."

आमच्याकडं रीतच तशी. गुऱ्हाळ पेटलं की काहिलीतली पहिली काकवी वाटेनं जाणाऱ्याला. गूळ विकायचा, काकवी विकायची नाही.

सुरतेजवळच्या उधन्यात एका खोलीत आम्ही आठ जण, यंत्रमागावरचे लूमवाले. मी लोटी सोडली. भरूचकडचा मगनभाई बोट चाटून म्हणाला, "आ तो काकब छे!" मी हबकलोच. आमची वस्तू, आणि हा तिला स्वतःचंच नाव देतो? तेवढ्यात बिदरकडचा फिटर हसला. त्याच्या गावी हिला काकंबी म्हणतात. त्या रात्री जेवताना मी भांडलो, शब्द आमचाच, तुम्ही नेला. फिटर म्हणाला, "नेला असेल, नाहीतर आणला असेल. तुझ्याजवळ पुरावा आहे का?" नव्हता. आजही नाही. शब्द कुठून निघाला, कुठं थांबला, शिकलेल्यांनी शोधावं. अर्थ मात्र मला ठाऊक. रस उकळतो, भेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर येते, ती काढायची, आणि पाक तारेवर यायच्या आत जे उतरवून घेतात ती काकवी. गूळ व्हायच्या आधीची. सुरतेत पन्नास वर्षं पोरांना, नातवंडांना हेच सांगत आलो.

बायको गेल्यावर ठरवलं, आता गावीच राहायचं. पोरगा म्हणाला, "आबा, तुमचं गाव तसं उरलं असेल का?" मी म्हणालो, "उरलंय. बघून घे." सुरतेत घेतलेली खोली पोराच्या नावावर केली आणि गाडीत बसलो.

दुपारी धाकट्या भावाच्या, रामाच्या घरी पोचलो, जेवलो. संध्याकाळी त्याची सून ज्योती मोठ्या हौशीनं म्हणाली, "नाना, तुमनासाठे काकवी करस." मी चुलीपाशी पाटावर बसलो. पोरीनं डब्यातून दुकानचा गूळ काढला, फोडला, पातेल्यात टाकला, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि ढवळायला लागली.

अंडं फोडून कोंबडीत परत घालताना बघावं, तसं झालं.

"हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"काकवीच ना, नाना. बठ्ठा गाव असंच करस."

रामा दारातून बोलला, "उस कोठे ऱ्हायना भाऊ? बठ्ठी केळी शे. गुऱ्हाळनी जागावर आते केळीना ट्रक भरतस."

"मंग हिले काकवी काबर म्हनतस?"

"तू बी तोच कोठे ऱ्हायना? दुपारले दाळमा साखर मांगी तू!"

ज्योती पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही. गुजरात्यांसारखी दाळीत साखर मी खरंच मागितली होती, आणि मागताना मला कळलंसुद्धा नव्हतं. वाटी पुढं आली. पोरीचं मन मोडवेना म्हणून भाकरी बुडवून खाल्ली. गोड होती. काकवी नव्हती.

सुरतेत राहिलेल्यांनो, गावात राहिलेल्यांनो, कोणी विचारलं तर खरं सांगतो: मी सोडलेलं घर तिथं नाही. पण पोराला फोन करून "तू म्हणालास तेच खरं" असं सांगायला जीभ वळेना. जमिनीत माझाही वाटा आहे. घर उरलेलं नसेल तर लावावं लागेल, एवढंच मला समजतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रामाला उठवलं, तापीकाठच्या एका मळ्यातून उसाचं बेणं आणलं आणि त्याच्या केळीच्या बांधाला लागून दोन सऱ्या लावल्या. तो कुरकुरत होता, "वरीस लागी, भाऊ." मी म्हणालो, "लागू दे," आणि पाणी सोडलं.