घरच्यासारखी सोय नको

मुंबईत नातेवाईक असताना लॉजमध्ये उतरण्याचं पाप आमच्या घरात त्याआधी कोणी केलं नव्हतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आम्हा मराठी मंडळींचा रिवाजच तसा होता. जिथे आपलं माणूस असेल तिथे बोचकी घेऊन त्याच्या दारात उभं राहायचं. जागा आहे का, असं विचारणंसुद्धा परकेपणाचं. आमचं माणूस म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. ती गिरगावात एका चाळीत राहत असे. दोन खोल्या, घरात चौदा माणसं, आणि आत्या त्या घरातली थोरली सून.

चार वर्षांपूर्वी तिच्या दिराच्या लग्नाला आम्ही आठ दिवस तिच्याकडे होतो. वडिलांनी राणीचा बाग पाहिला, मी समुद्र पाहिला, आणि आईनं समोरच्या चाळीत वाळत घातलेली धोतरं पाहिली. एका चुलीपाशी आत्या आणि दुसऱ्या चुलीपाशी आई, असे ते आठ दिवस गेले. वर आत्याचं तोंड चालूच. "ग्वाल्हेरच्या पोळ्या अशाच का गं, रजईसारख्या?" आई काही बोलली नाही. पण माझ्या आईचं गप्प बसणं म्हणजे व्याजानं ठेवलेली ठेव असायची, हे वडिलांना कधी कळलं नाही.

मी बारा वर्षांची असताना वडिलांचे डोळे अधू झाले. ते दरबारच्या एका कचेरीत कारकून होते. कागद नाकाला लागेपर्यंत जवळ धरत. एकदा बाड्यावर, म्हणजे लष्करच्या मोठ्या चौकात, त्यांनी भलत्याच माणसाला साहेब समजून लवून मुजरा केला आणि खऱ्या साहेबाला बाजूला व्हायला सांगितलं. त्यानंतर सगळ्यांनी ठरवलं, मुंबईच्या डॉक्टरला दाखवायचं.

त्याच दिवसांत शेजारच्या काकूंकडून आणलेल्या मुंबईच्या पंचांगाच्या मागच्या पानावर आईला एक जाहिरात दिसली. गिरगावात एक लॉज होता. स्वस्त दर, सहकुटुंब येणाऱ्यांसाठी स्वतंत्र खोल्या, दोन वेळचं शुद्ध शाकाहारी जेवण. आणि खाली ठळक अक्षरांत, 'घरच्यासारखी सोय'.

आईनं ते पान दुपारभर समोर ठेवलं. मग मला हाक मारली. "दऊत घे. तुझं अक्षर बरं आहे. बाबांच्या नावानं लिही."

"बाबांना माहीत आहे?"

"त्यांना खामखा परेशान कशाला करायचं? आधी पक्कं होऊ दे."

आईला छापील वाचता येई, पण तिचं लिहिलेलं तिलाच लागत नसे. म्हणून ग्वाल्हेर दरबारचा एक प्रौढ कारकून होऊन मी मुंबईच्या मॅनेजरला पत्र लिहायला बसले. 'आमचे कुटुंब' असं आईबद्दल आईच सांगत होती आणि मी हसू दाबत लिहीत होते. पहिला प्रश्न असा: 'जाहिरातीत घरच्यासारखी सोय असे म्हटले आहे, त्याचा खुलासा व्हावा. आमच्या कुटुंबास घरच्यासारखी सोय बिलकुल नको आहे.'

मी लेखणी थांबवली. "आई, हे असं लिहू?"

"असंच लिही. घरी काय सोय असते ते मला विचार. सगळ्यांचं झालं की खरवडीचा भात आणि गार आमटी. त्यासाठी मुंबईपर्यंत आगगाडीत कशाला बसू?"

असे एकूण सात प्रश्न गेले. आमटीला फोडणी कोण देतं, बाई की बुवा? पोळ्या तव्यावरून थेट ताटात येतात की आधी डब्यात जातात? जेवल्यावर आपलं ताट आपण उचलायचं का? रजया आणाव्यात का? शेवटचा प्रश्न सांगताना मात्र आईचा आवाज जरा खाली आला. बायकांना कधी वाढतात?

मॅनेजरचं उत्तर आठवड्यात आलं. डाकिया ओरडला, "बाई साहब, बंबई से चिट्ठी!" तो गल्लीत दुसऱ्या कोणाला सांगायच्या आत आईनं ती पदराखाली घातली. उत्तर छापील नाव-पत्त्याच्या जाड, गुळगुळीत कागदावर होतं. मॅनेजर बिचारा गोंधळला होता. 'घरच्यासारखी सोय नको असे लिहिणारे गृहस्थ आम्हास प्रथमच भेटले,' असं त्यानं लिहिलं होतं. मुंबईत रजई पांघरणारा माणूस आपण पाहिलेला नाही, असंही होतं. पण आईचं बोट एका ओळीवर थांबलं: 'स्त्रियांस पान आधी, त्यांच्या खोलीत मांडले जाईल व गरम वाढले जाईल. ताट उचलण्यास माणूस आहे.'

ती ओळ तिनं मला तीनदा वाचायला लावली. शेवटच्या खेपेला म्हणाली, "आधी म्हणतोय ना तो? नीट बघ, आधी?"

"आधीच म्हणतोय."

आई उठून चुलीपाशी गेली आणि संध्याकाळपर्यंत कोणावर ओरडली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही गंमत नव्हे. लग्न झाल्यापासून या बाईनं दुसऱ्यानं वाढलेलं गरम जेवण बसून जेवलेलं नव्हतं, आणि आता तिला ते हवं होतं. मला त्या दिवशी आईची फार दया आली, आणि तिच्या हातची दुसरी पोळी मागायची लाजही वाटली. मागितली मात्र.

चार पत्रं झाली, तारीख ठरली, आणि मगच मॅनेजरचं शेवटचं पत्र, सगळं ठरलेलं पुन्हा मांडणारं, वडिलांच्या हाती देण्यात आलं. त्यांनी ते नाकाला लावून वाचलं. 'आपण आमटीविषयी केलेल्या सूक्ष्म चौकशीवरून आपण जाणकार आहात हे कळले,' या वाक्यावर ते थांबले.

"हे मी लिहिलं?"

"तुम्हीच. छान लिहिता तुम्ही," आई म्हणाली.

वडील एरवी चिडले असते, पण आत्याकडे गेलं की 'तुला बढती कधी?' हे रोज ऐकावं लागे. लॉजमध्ये ते कोणी विचारणार नव्हतं. त्यांनी पत्राची घडी घातली. "ठीक आहे. पण आक्काला कळता कामा नये. तिला कळलं तर मला पुन्हा मुंबईत पाय ठेवता येणार नाही, और तुमको तो वो कच्चा खाएगी."

ग्वाल्हेरात गुपित ठेवायचं म्हणजे चाळणीत पाणी. वडिलांनी रजेचा अर्ज केला, तो साहेबाकडे पोचेपर्यंत दहा टेबलांवर वाचला गेला. दुसऱ्याच दिवशी शिंदे की छावनी मोहल्ल्यातून वडिलांची काकू हजर. हातात पत्र्याचा डबा. नुकतीच संक्रांत झालेली, डब्यात गजक, तीळ-गुळाची आमच्याकडची खुसखुशीत वडी. वर आंब्याच्या लोणच्याची एक बरणी. "तू आक्काकडे चाललाच आहेस, तर एवढं पोचव तिला. मुंबईत कुठली अशी गजक मिळायला?"

नाही म्हणायची सोय नव्हती. काकू गेल्यावर आम्ही तिघं त्या डब्याभोवती बसलो. डबा न्यावा तर आत्याच्या दारात जावं लागणार. न न्यावा तर काकू पत्रातून विचारणार. मी सुचवलं की गजक आपणच खाऊन टाकू. त्यावर माझ्या डोक्यात टपली बसली. शेवटी वडिलांनी तोड काढली. डबा आणि बरणी टपालानं पाठवायची. आत्या समजेल, मंडळी आलीच नाहीत, म्हणून बिचाऱ्यांनी टपालानं धाडलं. काकू समजेल, पोचलं.

वडील या युक्तीवर इतके खूश झाले की पार्सल त्यांनी स्वतः बांधलं. लोणच्याचं तेल गळू नये म्हणून बरणीला घरातले जाडजाड कागद शोधून गुंडाळले आणि बाड्यावरच्या टपालकचेरीत स्वतः देऊन आले. परत येताना शीळ घालत होते.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. मॅनेजरनं नको म्हटलं तरी वडिलांनी तीन रजया बरोबर घेतल्या. "मुंबईवाल्यांना थंडी काय माहीत?" असं त्यांचं म्हणणं. झाशी गेल्यावर आईनं मॅनेजरचं पत्र मागितलं. ते ट्रंकेत नव्हतं, पिशवीत नव्हतं, आईच्या बटव्यात नव्हतं. "असेल कुठेतरी," वडील म्हणाले. पत्ता मला तोंडपाठ होता, तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही.

मुंबईत उतरलो तेव्हा घामानं भिजलो होतो आणि हमालाच्या डोक्यावर तीन रजया होत्या. लॉजच्या दारात मॅनेजरनं आधी रजयांकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "आमटीचे सात प्रश्न आपलेच ना?" त्यानं हात जोडले. वडिलांनी गंभीरपणे मान हलवली.

खोली लहान होती. दोन खाटा, एक खिडकी, खाली ट्रामची घणघण. आंघोळी झाल्या. अकराच्या सुमाराला वाढपी आला. उंच, पिकल्या मिशांचा कोकणी बुवा. त्यानं दोन पाट मांडले, दोन ताटं ठेवली, आणि वडिलांना म्हणाला, "पुरुषांची पंगत खाली, थोड्या वेळानं." वडील गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आई पाटावर बसली. पण तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना. मीठ आणायला ती अर्धवट उठली, तर मीठ ताटात होतंच. पाण्यासाठी उठली, तर तांब्या शेजारीच. भातावर वरण पडलं, त्याची वाफ वर आली. आईनं पहिला घास घेतला नाही तोच गॅलरीतून वडिलांचा चोरटा, घोगरा आवाज आला.

"आक्का! … गजक मिळाली का?"

दारात आत्या उभी होती. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात जाड, गुळगुळीत कागद. त्यावर लोणच्याच्या तेलाचे डाग पडले होते आणि तरी लॉजचं छापील नाव, आमची तारीख आणि खोली राखून ठेवल्याची ओळ स्वच्छ वाचता येत होती. बरणीला गुंडाळताना वडिलांच्या डोळ्यांनी तो ओळखला नव्हता. ज्या डोळ्यांसाठी मुंबईला आलो त्याच डोळ्यांनी आम्हाला पकडून दिलं.

इतकी वर्षं मुंबईत काढूनही राग आला की आत्याचं ग्वाल्हेर बाहेर पडत असे. "वा रे वा! क्या बात है! बहीण मेली समजलास का रे?" आत्या खोलीत आली. आईचा चेहरा पांढरा पडला होता. हातातला घास तसाच धरून ती उठायला लागली. "वन्सं, बसा ना. मी वाढते…"

झालं, आता हे जेवण गेलं, असं मला वाटलं. चार पत्रं, सात प्रश्न, सगळं गेलं.

"बस खाली," आत्या म्हणाली.

आई बसली. आत्यानं आईच्या ताटाकडे पाहिलं, भातावरच्या वाफेकडे पाहिलं. मग कागद लांब धरून एक ओळ मोठ्यानं वाचली. "स्त्रियांस पान आधी मांडले जाईल व गरम वाढले जाईल." ती वाढप्याकडे वळली. "खरं आहे हे?"

"होय बाई."

"ताटसुद्धा तुम्हीच उचलता?"

"होय बाई."

आत्यानं छत्री कोपऱ्यात ठेवली. "मग बघतोस काय? अजून एक पाट मांड."

ती आईला लागून बसली. सकाळी साडेनऊला तिनं घरातल्या सगळ्या पुरुषांना जेवू घालून कचेऱ्यांना धाडलं होतं, आणि स्वतः अजून उपाशीच होती. आमटीत मीठ कमी होतं. घरी असती तर तिनं त्यावरून महाभारत घडवलं असतं. इथे तिनं दोन वाट्या आमटी प्यायली. वाढप्यानं विचारलं, "अजून घालू?" तेव्हा ती एकदम थांबली, आणि आईकडे न पाहता म्हणाली, "हे मला कोणी विचारलंच नव्हतं गं कधी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आईनं आपल्या डाव्या हातानं तिचा हात धरला. दोघींच्या आठ दिवसांच्या त्या चुली मला तेव्हा आठवल्या. एकीकडे आई होती, आणि दुसरीकडे कोण होतं ते मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं.

शिक्षा वडिलांना झाली. आत्यानं त्यांना त्याच पावली आपल्या घरी पिटाळलं, तिच्या सासूपाशी बसायला. "सांग, दरबारच्या एका स्नेह्याकडे उतरलोय. आक्का देवळात गेलीय म्हणावं. आणि त्यांना पोथी वाचून दाखव, म्हणजे मला शोधायच्या नाहीत." मुंबईतले पहिले चारही दिवस अकरा वाजता आत्या देवळात जाण्यासाठी आमच्या लॉजवर येई, आणि चारही दिवस वडील उपाशीपोटी, नाकाला पोथी लावून, चुकतमाकत ओव्या वाचत. डॉक्टरनं सांगितलेला चष्मा पाचव्या दिवशी मिळाला.

पुढच्या संक्रांतीनंतर आत्याचं कार्ड आलं. गजक पाठवा, असं होतं. खाली बारीक अक्षरांत: 'भावाचे डोळे पुन्हा दाखवावेत असे मला स्वप्न पडले.'

वडील नव्या चष्म्यातून म्हणाले, "माझे डोळे बिलकुल ठीक आहेत."

आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दऊत माझ्यापुढे सरकवली. "लिही मॅनेजरला. या खेपेस पहिल्या दिवसापासून पानं तीन."