ओढ्यावरच्या पुलावर कोण ठोकत होतं?

भूत, संकेत वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नाही... निदान नव्हता. नागापूर एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये मी नोकरी करते. पूल न तोडता, काँक्रीटच्या आतलं लोखंड गंजलंय का ते शोधायचं — हे माझं काम.

पूर्वी जोडीला याकोब काका असायचे. हातोडीने पुलावर ठोकत जायचे — दोनदा हळू, एकदा जोरात — आणि नुसत्या आवाजावरून पोकळ जागा सांगायचे. मागच्या वर्षी ते वारले. साहेबांनी त्यांच्या जागी माणूसच घेतला नाही. मशीन आहे की!

राहुरी तालुक्यातला, ओढ्यावरचा जुना पूल. सकाळचे साडेदहा. एक लेन बंद करून काम चाललेलं. मशीनची एक वायर आतल्या गजाला जोडावी लागते. त्यासाठी थोडं काँक्रीट काढायचं आणि तो गज आतल्या जाळीला जोडलेला आहे ना, ते आधी तपासायचं. मी कंटाळा केला. कडेला एक गज आयताच बाहेर आला होता, त्यालाच क्लिप लावली. आकडे छान आले. उसाचा सीझन, साहेबांची घाई... व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळी झाले.

पाचच मिनिटांत आवाज आला. टक टक... ठक्क! बंद लेनच्या पार टोकाकडून. तिथे चिटपाखरू नव्हतं.

लाल झेंडा धरून उभे असलेले तुकाराममामा म्हणाले, "मॅडम, कोन ठोकतंय वं? खाली बी कोन न्हाई, आत्ताच बगून आलो."

मी मशीन तसंच सोडून निघाले. तिथे जाऊन हातोडी मारली — पोकळ. मग दुसरा गज उघडा करून नीट मोजलं. आकडे भयानक! माझा आयता गज जाळीला जोडलेलाच नव्हता.

लगेच फोन लावला. "साहेब, पूल बंद करा."

"तुमचेच आकडे पुढे पाठवलेत, मॅडम. सीझन संपू द्या, मग बघू."

मी भांडले, रडले... आणि संध्याकाळी लेन उघडून घरी आले.

आठव्या दिवशी तिथेच स्लॅब खचला. उसाचा ट्रॅक्टर उलटला, ड्रायव्हरचा पाय गेला.

तो आवाज कशाचा, ते आजही कळलेलं नाही. काका असतील, तर मला त्यांचा रागच येतो. दहा मिनिटं आधी ठोकलं असतं तर?

ड्रायव्हरला भेटायला दवाखान्यात गेले. त्याने मला लगेच ओळखलं.

"तुमी पूल तपासत हुता त्या दिवशी म्या तितूनच गेल्तो, मॅडम. इचारलं बी हुतं, पूल बरा हाय ना? तुमी मोबाईलमदनं मान वर न करता हातानं 'जा' म्हनला."

मला आठवत नाही. पण म्हटलं असणार.