राव सारांच्या भिंतीवरचा दोर

“हा दोर कशाला?”

तिरुवल्लिकेणीच्या त्या फ्लॅटमध्ये हा प्रश्न मी सहाव्यांदा ऐकत होते. विचारणारे शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतले नवरा-बायको होते. “तो निघेल हो,” म्हणून मी विषय बदलला. पाच मिनिटांत त्यांनी चपला घातल्या.

मी रीसेलचं काम करते. रीसेल म्हणजे आधी कुणी राहिलेलं घर दुसऱ्याला विकून देणं. लग्न होऊन सांगलीहून चेन्नईला आले त्याला अठरा वर्षं झाली. त्यातली बारा मी लोकांची घरं बघण्यात घालवली. काय काय बघितलंय म्हणून सांगू! स्वयंपाकघरात झुंबर, बेडरूमच्या छताला आरसे, हॉलमध्ये खोट्या दगडांचा धबधबा. मालकाला ते फार आवडत असतं आणि घर नेमकं त्याच्यामुळेच अडून बसतं. असल्या गोष्टी गोडीगुलाबीनं काढायला लावणं हे माझं कसब. निदान मी तसं समजत होते.

राव सारांकडचा प्रकार मात्र मला नवीन होता. हॉलपासून न्हाणीपर्यंत प्रत्येक भिंतीवर, कमरेच्या उंचीला, काथ्याचा जाड दोर ठोकलेला. मधेमधे गाठी. स्वयंपाकघराच्या दाराशी एक, न्हाणीपाशी दोन, झोपायच्या खोलीपाशी तीन. बघायला आलेल्या एकाला आपण जहाजात आलोय असं वाटलं. एका बाईंना तो वास्तुदोषावरचा उपाय वाटला आणि त्या उंबऱ्यातूनच मागे फिरल्या.

राव सार म्हणजे तंजावरकडचे मराठी. बँकेतून रिटायर झालेले, पंचाहत्तरीचे, एकटे. पहिल्या दिवशी माझं नाव ऐकून ते उठून उभेच राहिले.

“तुम्ही मराठी? बसा, बसा. काप्पी आणतों.”

त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल असलेली. माझी त्यांना फार भरभर वाटायची. मुलगी बेंगळुरूला, ती त्यांच्याशी तमिळमध्येच बोले. घरात मराठी बोलायला फक्त बायको होती आणि तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यामुळे माझी घर दाखवायची वीस मिनिटांची फेरी तिथे तासाभराची होई.

दोराचं कारण त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं.

“तिची नजर गेली. मग मीच बांधलों. गाठी मोजून घरभर फिरायची. कुणाला हांक मारली नाहीं.”

मला वाईट वाटलं. पण डोक्यात हिशेब असा बसला, की बाई गेल्या म्हणजे दोराचं कामही संपलं.

आता दोन जिने चढवत नव्हते म्हणून हा फ्लॅट विकून त्याच गल्लीत तळमजल्यावर एक छोटं घर घ्यायचं, देवळाजवळ, आणि तिथे एकट्यानं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. मुलीनं कबूल केलं होतं, पण मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “अप्पांची तब्येत धड आहे तोवर ठीक. काही झालं तर मात्र सरळ होम.” होम म्हणजे वृद्धाश्रम.

सहावी पार्टी गेल्यावर ऑफिसमधून आमच्या साहेबांचा फोन आला. “मॅडम, फोटोत घर दिसतच नाही, दोरच दिसतो. शनिवारी अजून एक पार्टी आहे. त्याच्या आत साफ करून घ्या.”

मी राव सारांसमोर जाऊन बसले.

“सार, आता बाई नाहीत. दोर काढू या का?”

ते शेजारच्या दोराची गाठ बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, “सगळा? आंतल्या खोलीपासून न्हाणीपर्यंतचा राहूं दे की.”

“अर्धवट फार वाईट दिसेल. आपल्या माणसाचं ऐका.”

हे ‘आपल्या माणसाचं’ मी मुद्दाम म्हटलं. धंद्यात असं म्हणावं लागतं, आणि ते लागू पडतं.

“सरी, बरें,” ते म्हणाले. “तुम्ही सांगतां तर काढा.”

शुक्रवारी पेंटर आला. दोर निघाला, भोकं बुजवली, क्रीम रंगाचा हात फिरला. मी फोटो काढले. घर मोठं दिसायला लागलं होतं. मी जाम खूश होते.

“कसं दिसतंय, सार?”

“बरें दिसतें,” ते म्हणाले. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं.

शनिवारी अकराला पार्टीला घेऊन मी दाराशी गेले. बेल वाजवली. आतून “आलों” ऐकू आलं आणि पाठोपाठ काहीतरी पडल्याचा आवाज. शेजाऱ्यांकडे किल्ली होती म्हणून दार उघडता आलं. राव सार न्हाणीबाहेर पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. नव्या रंगावर बोटं घसरत गेल्याची खूण मी पाहिली, आणि पार्टीनंही पाहिली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी डोळेही तपासले. काचबिंदू. वर्षभरापासून जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. कळलं असतं तर मुलीनं होममध्ये नेलं असतं, म्हणून ते कुणालाच बोलले नव्हते.

“तुम्ही तर सारख्या जात होतात,” मुलगी म्हणाली. “तुम्हाला कळलं नाही?”

नाही कळलं. मी चपला काढायच्या आधीच ते माझं नाव घेत, त्याचं मला कौतुक वाटायचं. संध्याकाळी घरात दिवा नसायचा, तो मी जुन्या माणसाचा काटकसरीपणा समजले. भिंतीतला ओलावा मला रस्त्यावरून दिसतो म्हणून ऑफिसात माझं नाव आहे. समोर बसलेला माणूस मला दिसला नाही. याची लाज मला अजून वाटते.

फ्लॅट त्याच पार्टीनं घेतला, तीन आठवड्यांत. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तळमजल्यावरचं घर राहून गेलं.

राव सार आता चेन्नईबाहेर कोवलमच्या रस्त्याला एका होममध्ये आहेत. मी महिन्यातून एकदा जाते. तिथल्या पॅसेजमध्ये दोन्ही भिंतींना कमरेच्या उंचीला स्टीलचे दांडे आहेत. माहितीपत्रकात त्यांचा फोटो ‘विशेष सुविधा’ म्हणून छापलाय. राव सार त्यांना धरून चालतात, पण गार लागतात म्हणतात.

पहिल्याच भेटीत मी त्यांना विचारलं होतं, “माझ्यावर रागावलात, सार?”

“रागावून मराठी कुणाशीं बोलूं?” ते म्हणाले, आणि काप्पी सांगायला हाताने बेल चाचपू लागले.

पूर्वी घरात काही विचित्र दिसलं की मी विचारायचे, हे कुणी लावलं? आता विचारते, हे कोण वापरतं? आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबते.